थरांखालचे अवशेष : कंटेनर-प्रतिमेची घडण आणि तिचे लघूकरण

इंग्रजी बोलीभाषेत डोके फिरलेल्या माणसास ‘डूलॅली’ म्हणण्याची रीत आहे. हा शब्द मुळात नाशिकजवळच्या देवळालीचा, हे तो वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांस ठाऊक असते. ब्रिटिश अमदानीत नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत दिवस काढीत. जहाजांचा हंगाम हिवाळ्यापुरता असल्यामुळे अवेळी येऊन पोचलेल्यास तेथे महिनेच्या महिने रिकामे बसावे लागे, आणि त्या रिकामपणातून उद्भवणाऱ्या विकृतीस पलटणीच्या बोलीत ‘डूलॅली टॅप’ असे नाव पडले. यातील ‘टॅप’ म्हणजे हिंदुस्तानीतील ज्वरवाचक ‘तप’ होय. पुढे ‘टॅप’ गळाला, विशेषनामाचे विशेषण झाले आणि गावाची आठवणही मावळली. तथापि कोशकाराने एकेक थर उचलून पाहिला म्हणजे तळाशी देवळालीचे नाव शाबूत सापडते. वर आलेल्या रूपाने खालचे रूप झाकले जाते, पण नष्ट होतेच असे नाही, हा भाषेतिहासाच्या अभ्यासकाचा नेहमीचा अनुभव आहे.

संगणकशास्त्रात ‘कंटेनर’ या नावाने रूढ झालेल्या व्यवस्थेत हीच गोष्ट केवळ अनुभव म्हणून नव्हे, तर नियम म्हणून आढळते. भाषेत तळचे रूप लेखी पुरावा न उरल्यास कायमचे हरवू शकते. कंटेनरच्या प्रतिमेत एकदा लिहिलेला थर मात्र, वर कितीही थर चढले तरी, जसाच्या तसा राहतो. प्रतिमा अवाच्या सवा फुगतात त्या याच कारणाने, आणि जे दुसऱ्याच्या हाती जाऊ नये ते नकळत जाते तेही याच कारणाने. बोलींची ध्वनिमुद्रिते, शब्दसंग्रह व त्यांवर चालणारे प्रोग्राम यांची देवघेव आता याच मार्गाने होऊ लागली असल्याने हा विषय केवळ अभियंत्यांचा राहिलेला नाही.

‘प्रतिमा’ हा शब्द येथे चित्र या अर्थाने घ्यावयाचा नाही. कोणताही प्रोग्राम एकट्याने चालत नसतो. त्यास विशिष्ट आवृत्तीच्या लायब्रऱ्या, फॉन्ट, भाषाविषयक माहिती, मांडणीच्या फाइली असा मोठा परिवार लागतो. हा सगळा परिवार एका गाठोड्यात बांधून ते गाठोडे कोणत्याही लिनक्स यंत्रावर उघडता यावे, अशी योजना म्हणजे कंटेनर-प्रतिमा. प्रतिमा उघडून तिच्यातील प्रोग्राम चालू केला म्हणजे त्या चालत्या अवस्थेस कंटेनर म्हणतात. पाच वर्षांपूर्वीच्या प्रबंधातील आकडे आज पुन्हा काढून पाहावयाचे असतील तर मूळचे सगळे वातावरण हाती असणे आवश्यक असते, आणि संशोधकास या व्यवस्थेचे मोल वाटते ते यासाठीच. सॉलोमन हाइक्स यांनी २०१३ साली अमेरिकेतील पायथन परिषदेत डॉकर हे साधन प्रथम लोकांपुढे ठेवले. त्यानंतर या पद्धतीचा झपाट्याने प्रसार झाला, आणि २०१५ साली स्थापन झालेल्या ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह या मंडळाने प्रतिमेच्या घडणीचे प्रमाण ठरवून दिले.

या प्रमाणानुसार प्रतिमा म्हणजे एकसंध वस्तू नव्हे, तर क्रमाने रचलेल्या थरांची चळत होय. प्रत्येक थर ही टार पद्धतीने बांधलेली एक फाइल असते आणि तिच्यात खालच्या थरांच्या तुलनेने झालेला फरक तेवढा नोंदलेला असतो : कोणत्या फाइली नव्या आल्या, कोणत्या बदलल्या, कोणत्या काढल्या. थरातील मजकुरावरून शा-२५६ या गणिती रीतीने एक लांबलचक आकडा काढतात आणि तोच थराची ओळख ठरतो. मजकुरात एका अक्षराचाही बदल झाला की ओळख बदलते. म्हणजे थर दुरुस्त करता येत नाही, त्याच्या जागी दुसरा करता येतो. कंटेनर चालू होताना या सर्व थरांवर लिहिण्याजोगा एक पातळ थर चढविला जातो आणि लिनक्सच्या गाभ्यातील ओव्हरले फाइलप्रणाली (ती २०१४ अखेरच्या ३.१८ या आवृत्तीपासून गाभ्याचा भाग झाली) ही सगळी चळत एकच फोल्डर असल्याचा आभास निर्माण करते. एखादी फाइल मागितली की शोध वरून खाली होतो आणि जी प्रत प्रथम भेटेल ती दाखविली जाते.

मग फाइल पुसणे म्हणजे काय? खालचा थर केवळ वाचण्यापुरता असल्याने त्यातून काही काढता येत नाही. म्हणून वरच्या थरात त्या फाइलीच्या नावाची एक खूण ठेवतात, जिला व्हाइटआउट अशी संज्ञा आहे. शोध वरून खाली येताना ही खूण आढळली की ‘फाइल नाही’ असे उत्तर मिळते. टंकलेखनातील चुकीवर पांढरा रंग फासावा तशातलाच हा प्रकार. कागद उजेडाकडे धरला की खालचे अक्षर दिसते. प्रतिमेच्या बाबतीत तर उजेडाचीही गरज नाही, खालचा थर उलगडून वाचला म्हणजे झाले. पुसलेल्या फाइलीचे वजन प्रतिमेतून उणे होत नाही, ही गोष्ट येथूनच निष्पन्न होते. वजन कमी करण्यासाठी शेवटी ‘साफसफाई’चा आदेश लिहिणाऱ्यास हे प्रथम पटत नाही, प्रतिमा पूर्वीइतकीच, किंबहुना खुणांच्या भाराने किंचित जडच झालेली पाहून त्याचा गोंधळ उडतो.

प्रत्यक्ष बांधणीचे स्वरूप पाहण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घ्यावे. देवळाली कॅम्प हे भाषांच्या दृष्टीने दाट वस्तीचे ठिकाण आहे. भोवतालच्या खेड्यांतील मराठी, लष्करी वसाहतीत देशभरातून आलेल्यांची हिंदी, आरोग्यधामांच्या निमित्ताने स्थिरावलेल्या पारशी व इतर कुटुंबांची गुजराती आणि १९४७ नंतर निर्वासित म्हणून आलेल्यांची सिंधी अशा भाषा तेथे शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. समजा, एखाद्या भाषाशास्त्र विभागाने तेथील निवेदकांची तीन गीगाबाइट ध्वनिमुद्रिते गोळा केली, आणि त्यांचे विश्लेषण करणारी प्रतिमा अन्य विद्यापीठांस पाठवावयाचे ठरविले. बांधणीचे आदेश डॉकरफाइल नावाच्या साध्या मजकूर-फाइलीत ओळीओळीने लिहितात. ‘रन’ (आदेश चालविणे), ‘कॉपी’ आणि ‘ॲड’ (बाहेरून फाइली आणणे) या तीन प्रकारच्या ओळींनी फाइलींचा थर चढतो. उरलेल्या ओळी, जसे चालू फोल्डर कोणते, प्रथम कोणता प्रोग्राम सुरू करावयाचा इत्यादी, प्रतिमेच्या वर्णनात नोंदल्या जातात. त्यांना वजन नसते.

विभागातील होतकरू विद्यार्थी स्वाभाविकपणे असे लिहील : पायथनची पूर्ण प्रतिमा पायाशी, एका ओळीत पॅकेजांच्या याद्या उतरविणे, दुसऱ्या ओळीत कंपायलर व लायब्रऱ्या बसविणे, तिसरीत काल्डी या वाणी-ओळख प्रणालीचा मूळ पाठ आणून तो बांधणे (कॉफीचा शोध लावणाऱ्या दंतकथेतील इथिओपियन गुराख्याचे हे नाव आहे, हे जाता जाता सांगावयास हरकत नाही), चौथीत ध्वनिमुद्रिते आत घेणे, पाचवीत त्यांवर प्रारूप तयार करणे, आणि सहावीत याद्या, कंपायलर, बांधणीचे अवशेष व ध्वनिमुद्रिते पुसून टाकणे. कंटेनर चालवून पाहिला तर आत सारे कसे स्वच्छ दिसते. वास्तविक काल्डीच्या बांधणीतील कित्येक गीगाबाइटांचे अवशेष तिसऱ्या थरात आणि निवेदकांचे आवाज चौथ्या थरात पूर्ववत आहेत. सहाव्या थराने त्यांवर फक्त पडदा टाकला आहे.

यावरील पहिला उपाय सोपा आहे. जे आणले ते त्याच ओळीत पुसावे. थर बांधला जातो तो ओळ संपल्यावर. ओळ चालू असताना जे आले आणि गेले त्याची नोंद फरकात होत नाही. म्हणून याद्या उतरविणे, पॅकेज बसविणे व याद्या पुसणे हे तीन आदेश जोडून एकाच ‘रन’ ओळीत लिहिण्याचा प्रघात आहे. यात आणखी एक हित आहे. बांधणी पुन्हा करताना जी ओळ बदललेली नाही तिचा पूर्वीचा तयार थर तसाच वापरला जातो. यास कॅशे म्हणतात. ‘रन’ ओळीच्या बाबतीत ही तुलना केवळ आदेशाच्या अक्षरांवरून होते, आदेशाचा परिणाम आज निराळा येईल काय याचा विचार होत नाही. याद्या उतरविण्याची ओळ स्वतंत्र ठेवली तर सहा महिन्यांपूर्वीच्या जुन्या याद्यांवरून आज पॅकेज शोधले जाते, आणि ते भांडारात नसल्यामुळे बांधणी मोडते किंवा, त्याहून वाईट म्हणजे, जुनी सदोष आवृत्ती निमूटपणे बसते. दोन्ही कामे एका ओळीत असली की नवे पॅकेज जोडताच याद्याही नव्याने उतरतात.

फाइलीच्या हक्कांत बदल करणे ही गोष्ट दिसावयास क्षुल्लक, पण थरांच्या हिशेबात महाग पडते. चारशे मेगाबाइटांचे प्रारूप एका ओळीत आणून पुढच्या ओळीत त्याची मालकी बदलली, तर बदल झाला एवढ्याच कारणाने ती फाइल संपूर्णपणे वरच्या थरात पुन्हा उतरते आणि प्रतिमा आठशे मेगाबाइटांची होते. मालकी व हक्क आणतानाच ठरविण्याची सोय ‘कॉपी’ आदेशात आहे, ती वापरावी.

काल्डीसारख्या अवजड बांधणीस मात्र एका ओळीचा उपाय तोकडा पडतो. त्याने ओळ इतकी लांबते की वाचवत नाही. शिवाय एखादी लहानशी चूक सुधारताना सर्व काम पहिल्यापासून करावे लागते. २०१७ साली डॉकरच्या १७.०५ या आवृत्तीत आलेली बहुटप्पी बांधणी येथे खरी उपयोगी पडते. एकाच डॉकरफाइलीत दोन किंवा अधिक प्रतिमांचे आदेश लिहावयाचे. पहिल्या टप्प्यात कंपायलर, मूळ पाठ, चाचण्या असा सगळा पसारा खुशाल मांडावा. दुसरा टप्पा नव्या, लहान पायापासून सुरू करून पहिल्यातील तयार प्रोग्राम तेवढे त्यात उचलून आणावे. पाठवावयाची ती दुसरीच प्रतिमा; पहिलीचे थर तिच्यात येतच नाहीत, त्यामुळे पुसण्याचा प्रश्न उरत नाही. जहाजावर चढणाऱ्या शिपायाबरोबर त्याची वळकटी जाई, छावणीच्या बराकी देवळालीतच राहत. एवढी दक्षता मात्र घ्यावी लागते, की उचललेला प्रोग्राम ज्या लायब्रऱ्यांवर अवलंबून असेल त्याही बरोबर न्याव्यात. त्या मागे राहिल्या तर बांधणी निर्विघ्न पार पडते आणि प्रोग्राम पहिल्याच हाकेस कोसळतो.

पहिल्या टप्प्यातही ओळींचा क्रम विचारपूर्वक लावणे इष्ट असते. एक ओळ बदलली की तिच्या वरच्या सर्व थरांचा कॅशे निरुपयोगी होतो. सबब क्वचित बदलणारे तळाशी आणि रोज बदलणारे माथ्याशी, हा सामान्य क्रम होय. लायब्रऱ्यांची यादी असलेली लहान फाइल आधी आणून त्या बसवाव्यात आणि स्वतःचे प्रोग्राम त्यानंतर आणावेत. हा क्रम उलटा असेल तर प्रोग्राममधील एक स्वल्पविराम सुधारला तरी सर्व लायब्रऱ्या पुन्हा उतरवाव्या लागतात, आणि संथ जोडणीवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याची दुपार त्यात जाते.

थरांची संख्या कमी करणे हेच उद्दिष्ट, असा एक समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. तो तपासून घेण्याजोगा आहे. डॉकरच्या आरंभकाळात एयूएफएस ही फाइलप्रणाली वापरीत असत आणि तिच्यामुळे थरांच्या संख्येवर काटेकोर मर्यादा येत असे. प्रथम ती बेचाळीस होती, पुढे एकशे सत्तावीसवर गेली. संख्येची धास्ती तेव्हापासूनची आहे. आज सर्वसाधारण प्रतिमेत दहा-वीस थर असतात आणि त्यांच्या केवळ संख्येने काही बिघडत नाही. उलट, थर वेगळे असण्यात एक मोठा फायदा आहे. विभागाच्या चार प्रतिमा एकाच पायावर उभ्या असतील तर तो पाया यंत्रावर एकदाच साठविला जातो व जाळ्यावरून एकदाच उतरतो. सर्व थर दाबून एक करण्याची ‘स्क्वॉश’ नावाची युक्ती आहे. तिने पुसलेल्या फाइलींचे वजन जाते खरे, पण समाईक पायाही प्रत्येक प्रतिमेत वेगळा विरघळतो आणि चार प्रतिमांना चारदा जागा लागते. तेव्हा मोजावयाचे ते थर नव्हेत, तर थरांत अडकलेले निरुपयोगी वजन. प्रतिमेचा इतिहास दाखविणारा आदेश प्रत्येक ओळीपुढे तिच्या थराचे वजन मांडून देतो; लघूकरणाची सुरुवात तेथून करावी, अंदाजाने करू नये.

लघूकरणाचा हव्यास अनाठायी झाल्यास त्याची किंमत भाषाभ्यासकास विशेषच द्यावी लागते. पायाची प्रतिमा निवडताना डेबियनची सडपातळ आवृत्ती पाऊणशे मेगाबाइटांच्या आसपास भरते, तर अल्पाइन दहाच्याही आत. साहजिकच दुसरीचा मोह पडतो. परंतु अल्पाइन ज्या मसल लायब्ररीवर उभी आहे तिला भाषानिहाय वर्णक्रम माहीत नाही. ती शब्दांची तुलना युनिकोडमधील अनुक्रमांकांनी करते. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे, म्हणजे ‘व’, ‘श’, ‘स’, ‘ह’ यांच्या आधी येतो. मराठी वर्णमालेत त्याचे स्थान ‘ह’नंतर आहे. परिणामी ‘देवळाली’ आणि ‘देवस्थान’ हे दोन शब्द क्रमाने लावावयास सांगितले तर अनुक्रमांकांच्या रीतीने ‘देवळाली’ आधी येते आणि मराठी कोशाच्या रीतीने ‘देवस्थान’. प्रोग्राम यावर कसलीही तक्रार करीत नाही. शब्दसूची छापली जाते, आणि ‘ळ’कारयुक्त शब्द भलत्या ठिकाणी बसलेले फार उशिरा ध्यानात येतात. सडपातळ डेबियनमध्येही मराठीची ही माहिती आपोआप नसते, पण स्वतंत्र पॅकेज बसवून ती आणता येते. वर्णक्रमासाठी आयसीयू ही लायब्ररी बरोबर घेणे अधिक भरवशाचे. तिने वाढणारी काही मेगाबाइटे वायफळ समजणे योग्य नव्हे. देवनागरी फॉन्टविषयीही हेच म्हणावे लागेल : तो गाळल्यास आलेखांवर अक्षरांऐवजी रिकाम्या चौकटी उमटतात.

आता मूळ उदाहरणातील चौथ्या थराकडे वळावे. वजनाचा प्रश्न गैरसोयीचा, तर ध्वनिमुद्रितांचा प्रश्न विश्वासाचा आहे. निवेदकाने आपल्या घरातील बोली, क्वचित घरातील गोष्टीही, सांगितल्या त्या संशोधकास. त्याची संमती प्रतिमा उतरवून घेणाऱ्या कोणाही अनोळखी व्यक्तीपर्यंत पोचत नाही. प्रतिमा टार फाइलीत उतरवून चौथा थर सोडविणे हे काम पाच मिनिटांचे असून त्यासाठी विशेष ज्ञान लागत नाही. भांडाराची किल्ली किंवा पासवर्ड बांधणीच्या वेळी आत घेतला असेल तर त्याचीही तीच गत. ‘आर्ग’ या आदेशाने दिलेली मूल्ये तर प्रतिमेच्या इतिहासात उघड वाचता येतात. मात्र किल्ली बदलता येते. आवाज बदलता येत नाही.

तिसऱ्या पक्षाच्या यंत्रावर प्रतिमेचे रूपांतर झाल्याने हा धोका टळतो असे गृहीत धरणेही बरोबर नाही. सामाईक महासंगणकांवर बहुधा ॲपटेनर वापरतात (२०२१ पर्यंत त्याचे नाव सिंग्युलॅरिटी होते). ते थर एकमेकांवर लावून शेवटी दिसणारे रूप तेवढे एका फाइलीत साठविते, त्यामुळे त्या फाइलीत पुसलेले अवशेष उरत नाहीत. परंतु ज्या भांडारातून मूळ प्रतिमा उतरली तेथे ती सर्व थरांनिशी उभीच असते.

यासाठी ध्वनिमुद्रिते प्रतिमेत मुळीच न घेणे हाच मार्ग शास्त्रशुद्ध आहे. कंटेनर चालविताना बाहेरचे फोल्डर केवळ वाचण्यापुरते आत जोडता येते. प्रारूप तयार करण्याचे काम अशा रीतीने आधी उरकून तयार प्रारूप तेवढे प्रतिमेत आणावे. बांधणीच्या फोल्डरात ध्वनिमुद्रिते चुकून पडलेली असली तरी ती आत जाऊ नयेत म्हणून वगळावयाच्या नावांची एक फाइल तेथे ठेवण्याची सोय आहे. ती ‘डॉकरइग्नोर’ या नावाने ओळखली जाते आणि पहिली ओळ लिहिण्यापूर्वी ती करावी. किल्ल्यांसाठी बिल्डकिट या नव्या बांधणी-यंत्रणेत अशी तरतूद आहे, की गुप्त मजकूर एका ‘रन’ ओळीपुरता दिसतो आणि थरात उतरत नाही.

आणि प्रतिमा पूर्वीच पाठविली गेली असेल तर? सुधारलेली प्रतिमा त्याच नावाने चढविल्याने जुना थर नाहीसा होत नाही. नाव नव्या चळतीकडे वळते एवढेच. जुना थर आपल्या शा-२५६ ओळखीने भांडारात शिल्लक राहू शकतो, आणि ज्यांनी तो उतरवून घेतला त्यांच्या यंत्रांवर तर असतोच. अशा वेळी भांडारचालकास सांगून जुनी आवृत्ती थरांसह काढून घ्यावी लागते, उतरवून घेणाऱ्यांस लेखी कळवावे लागते आणि, हे टाळण्याकडे कल असतो म्हणून मुद्दाम सांगावयाचे, संबंधित निवेदकांसही. नव्या प्रतिमेची बांधणी कॅशे न वापरता पहिल्या ओळीपासून करावी. ती चढविण्यापूर्वी टार फाइलीत उतरवून प्रत्येक थरातील फाइलींची यादी निदान एका व्यक्तीने, आणि शक्यतो ती बांधणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणी, वाचून काढावी.